भोंगा, भाव आन् बाजीचं प्रॉमिस

रिसोडचं पोट्टं आन् प्रॉमिसची गोष्ट म्हनलं का तुमाले वाटलं असन, कॉलेजच्या गेटावर कोन्या पोरीले शब्द देला असन. नाई ना बाप्पा! हे जावास्क्रिप्टातलं प्रॉमिस हाय, म्हनजे ‘काम झालं का कळवतो’ असा कोडनं देलेला शब्द. ते मले बाजीनं शिकवलं, आन् त्याच्याच भरवशावर मी आज कमावून खाऊन राह्यलो.

बाजी म्हनजे ताई, सारे तिले तसंच म्हनत; मी कामाले होतो त्या कॉम्प्युटरच्या दुकानाची ती मालकीन. लोकाइचे ऑनलाइन फॉर्म भरता भरता तिले पहिल्यांदा प्रोग्रामचं काम भेटलं. एका आडत्या शेठच्या दुकानावर भोंगा लावाचा, आन् हर्रासाच्या, म्हनजे लिलावाच्या, आधी वाशीमचे भाव नेटवरून घेऊन शेतकऱ्याइले आयकवाचे. जमलं त शेठ दुसऱ्याइले सांगनार, नाई जमलं त बाजी परत फॉर्म भरत बसनार. मले नकला येतात म्हनून आवाज माहे घेतले: सोयाबीन हर्रासवाल्याच्या आवाजात, तूर एसटीच्या कंडक्टरच्या, हरभरा आमच्या हेडमास्तरच्या.

दुकानात लावून पाह्यलं त तिघंही एकदमच बोंबलले! हेडमास्तरले कंडक्टर आयकू देत नाई, कंडक्टरले हर्रासवाला.

बाजीनं माहा कोड पाह्यला. आवाज वाजवनारं फंक्शन जुन्या पद्धतीचं, कॉलबॅकवालं होतं. वाजवून झालं का ते आपन देलेल्या फंक्शनले हाक मारे. मी ते प्रॉमिसमधी गुंडाळलं होतं खरं, पन रिझॉल्व्ह, म्हनजे ‘काम झालं’चा निरोप, लिवलं होतं कॉलबॅकच्या बाहेर.

“काट्यावर पोतं चढलं नाई, आन् तू वजनाची काटापट्टी फाडून देली?” बाजी म्हने. “आदी मोजू दे ना गधे! कॉलबॅक आला का मंग रिझॉल्व्ह. गडबड झाली का रिजेक्ट.”

“आन् आकड्याचं वाक्य बनवनारं फंक्शन? तेही गुंडाळू?”

“ते कायले? ते साधं हाय, विचारलं का तथीच उत्तर देते. तसंच देनमधी ठेव, ‘हे झालं का मंग ते’ सांगतो ना, त्या कडीत. त्यानं रिटर्न केलेलं पुढच्या देनले आपोआप भेटते.”

मी चुकतच राह्यलो. पन तिनं एकदाही माह्या हातातून कीबोर्ड ओढला नाई. शाळेत इतक्या वेळ माह्यासाठी कोनी थांबलं नोतं.

सकाळी शेठकडे भोंगा लावला. सोयाबीन बोललं, पुरं झालं, मंगच तूर बोलली. बाजीच्या तोंडावर हसू आलं. हरभऱ्याचा भाव मांगाले गेलं आन् नेटच गेलं. रिजेक्ट झालं, गडबड झेलनारं कॅच चाललं. आन् कॅचमधी मी बाजीले न सांगता खुद्द शेठच्या आवाजाची नक्कल भरली होती:

“थांबा ना बे! भाव काय पळून चालला काय?”

सारे शेतकरी शेठकडे वळले. शेठच्या तोंडात खर्रा, ओठ बंद. मले वाटलं, गेलं बाजीचं काम. पन शेठनं पिचकारी टाकली आन् पोट धरून हासला. “आवाज त माहाच हाय बे! राहू द्या बाजी हा भोंगा.”

दुकानात आलो तशी बाजी चालू झाली. “दात काहून काढून राह्यला? शेठ चिडला असता त? आन् कॅचमधून काईच रिटर्न नाई केलं, मंग पुढच्या देनले काय भेटनार, तुहं थोबाड? कालचा भाव त देता येत होता! बस अथी. नीट होयेपरयंत चाय नाई तुले.”