आवाज परत आला तो हिवाळा

फोन आला तेव्हा मी वसईच्या एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या इमारतीखाली भाजी घेत होते. पलीकडे पास्कूकाका होते. "मीना, बाई गेली... झोपेतच," एवढंच म्हणाले. ऑक्टोबरचा उकाडा अजून सरला नव्हता. वर्षभर थंडीची वाट बघणाऱ्या आमच्या सिसिलियाबाई थंडी यायच्या आधीच निघून गेल्या होत्या. त्याला आता काही आठवडे झाले. सकाळी अंगावर शाल घ्यावीशी वाटू लागली आहे, आणि आज मला त्यांच्याबद्दल लिहायचं आहे.

बाई वसईतल्याच एका गावात मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. पास्कूकाका त्यांचे यजमान, केळीच्या वाडीत राबणारे. मी बँकेतली नोकरदार, माहेर साताऱ्याकडचं. वाचनालयात पुस्तक बदलताना आमची ओळख झाली. माझ्या हातात बर्फाळ मुलखातल्या प्रवासाचं पुस्तक होतं. बाईंनी विचारलं, "थंडी आवडते?" मी म्हटलं, "आवडते हो, पण इथे येते कुठे?" त्या हसल्या. "येते तर! लाजरी आहे, तिला बोलवावं लागतं. रविवारी दुपारी घरी ये."

अशी मी त्यांच्या हिवाळी बैठकीत गेले. दिवाळी झाली की दर रविवारी त्यांच्या ओटीवर आम्ही दहा-बाराजण जमायचो. कुणी गावातले, कुणी विरारच्या फ्लॅटमधून आलेले. नेम एकच, ज्यात थंडी आहे असं काहीतरी घेऊन यायचं. कुणी गोष्ट वाची, कुणी नाताळची गाणी म्हणे, कुणी एखादी शेकोटीची आठवण सांगे. मडक्यात कोनफळ, रताळी, वालाच्या शेंगा घालून केलेली उकडहंडी निघाली की बोलणं थांबायचं. पास्कूकाका तेवढा वेळ वाडीत पाणी लावत असायचे. पण खरी बैठक बाईंच्या वाचनाची. त्यांनी जन्मात बर्फ पाहिला नव्हता, तरी त्या वाचू लागल्या की पंख्याखाली बसलेली माणसं पाय पोटाशी घेऊन बसायची. शेवटी त्यांनीच रचलेलं गाणं सगळे मिळून म्हणायचो :

आली थंडी वाडीमध्ये, केळीखाली बसली
चुलीपाशी ऊब बघून मांजर होऊन निजली

मग एका पावसाळ्यात बाईंना झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. समजायचं सगळं, पण शब्द जिभेवर येईना. आयुष्यभर मुलांना बोलायला शिकवलेल्या बाईंना पाणी मागता येत नव्हतं, पास्कूकाकांना नावाने हाक मारता येत नव्हती. मी भेटायला गेले की त्या ओठ हलवायच्या, काहीतरी भलताच आवाज निघायचा, आणि त्या भिंतीकडे तोंड फिरवायच्या. "यंदा बैठक नको," काका आम्हाला म्हणाले. "तिला ते बघवनार नाय." पण दिवाळी सरली तशी बाईंनी डाव्या हाताने ओटीवरच्या सतरंजीकडे बोट केलं, आणि ती घातल्याशिवाय ऐकेनात.

त्या रविवारी आम्ही अवघडून बसलो होतो. एकाने कसंबसं वाचलं. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. शेवटी कुणीतरी हळूच गाणं धरलं. दुसऱ्या ओळीला मला एक बारीक, खरखरीत आवाज ऐकू आला. मी मान वळवली... बाई गात होत्या! एकूण एक शब्द. 'चुलीपाशी' आणि 'मांजर', सगळं स्वच्छ. आम्ही एकेक करून थांबलो, त्या एकट्याच गात राहिल्या. गाणं संपलं तेव्हा त्यांनी स्वतःच दचकून आमच्याकडे पाहिलं. पास्कूकाका वाडीतून धावत आले. चिखलाच्या हाताने त्यांनी दाराची चौकट धरली होती.

पुढे डॉक्टरांनी सांगितलं की असं होतं कधीकधी, बोलणं अडतं पण गाणं टिकून राहतं. आम्हाला मात्र ते ऐकूनही खरं वाटेना. बाईंनी त्या एका फटीतून भाषा परत बाहेर ओढायला घेतली. पाणी हवं असलं की चर्चमधल्या मिस्सेतल्या प्रार्थनेच्या चालीवर पाणी मागायच्या. कांदे चिरायचे की किसायचे हे गाऊन सांगायच्या. आम्हाला हसू यायचं, त्याही हसायच्या. रोज संध्याकाळी मांडीवर पुस्तक घेऊन एकेक वाक्य चालीत बसवायच्या. अडायच्या, चिडायच्या, पुस्तक आपटायच्या. मग तेच पुन्हा उचलायच्या.

पुढच्या हिवाळ्यात नाताळच्या आदल्या रविवारी त्या म्हणाल्या, म्हणजे गाऊनच म्हणाल्या, "आज मी." बर्फात वाट चुकलेल्या पोस्टमनची गोष्ट होती. एक अख्खं पान त्यांनी ओवीसारखं, संथपणे म्हटलं. शेवटचं वाक्य आलं आणि त्यांची चाल हळूहळू विरत गेली. साध्या, पूर्वीच्या, वर्गातल्या आवाजात त्या म्हणाल्या, "दिवा दिसला आणि तो घरी आला." मग पुस्तक मिटून, वाडीतून येऊन दारात उभ्या राहिलेल्या काकांकडे बघत, तसंच साधं, "पास्कू, चहा ठेव." काका आत गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. चहाला उशीर झाला, पण कुणी विचारलं नाही.

देवळात जाऊन, डोंगर चढून मला जे कधी वाटलं नव्हतं ते त्या दुपारी वाटलं. माणसाच्या आत किती खोल जागा असतात, आणि तिथे काय काय शाबूत असतं...

गेल्या रविवारी काकांनी आम्हाला बोलावलं. सतरंजी घातली होती, ओटी झाडलेली होती. एरवी वाडीत असणारे काका यंदा सदरा घालून पुढे बसले होते. "आता कोन वाचनार?" त्यांनी विचारलं. मग ते म्हणाले, "मी दर रविवारी वाडीत पानी उगाच लावायचो. केळींना नको असायचं. हिकडचं वाचन नीट ऐकू येई म्हनून पाट या बाजूला वळवायचो. बाईला कधी सांगितलं नाय." आणि माझ्याकडे पाहून, "मीना, वाच. तुझं साताऱ्याचं काहीतरी."

मी लिहून आणलेली साताऱ्याच्या थंडीची आठवण वाचू लागले. उन्हं उतरली, शब्द दिसेनासे झाले. मी थांबले तशी काकांनी उठून ओटीवरचा दिवा लावला आणि परत येऊन बसले.

"अजून वाच," ते म्हणाले. "थंडी हाय तवर वाच."