बांधलेल्या गाडीतला रस्ता

त्याला सगळे कानसेन म्हणत. फाटकातून आत येणाऱ्या गाडीचं दुखणं तो नुसत्या आवाजावरून ओळखायचा, म्हणून कुणीतरी गमतीने हे नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं की गॅरेजच्या पाटीवरही तेच रंगवून घ्यावं लागलं.

गॅरेज तो आणि त्याची धाकटी बहीण मिळून चालवत. तिला घरात चिमी म्हणत. केस पिकायला लागले तरी ती चिमीच राहिली होती. काम एकच: इंजिनाची ताकद वाढवून द्यायची आणि ती खरंच वाढली हे मोजून दाखवायचं. त्यासाठी मागच्या शेडमध्ये डायनो बसवला होता. जमिनीत पुरलेले दोन जाडजूड लोखंडी रोलर. त्यांवर गाडीची चाकं चढवायची, पट्ट्यांनी गाडी करकचून बांधायची, समोर माणसाएवढा पंखा सुरू करायचा आणि अ‍ॅक्सिलरेटर पार तळाला न्यायचा. चाकं रोलर फिरवतात, गाडी जागची हलत नाही, आणि इंजिन किती जोर लावतंय त्याची रेघ पडद्यावर चढत जाते. अशी एक फेरी, म्हणजे रन, कामाआधी आणि एक कामानंतर. त्या दोन रेघांमध्ये जेवढं अंतर, तेवढी गॅरेजची अब्रू. चिमी काचेमागे पडद्यापाशी बसे, कानसेन गाडीत.

गाडीत बसणं त्याला फार आवडे. का, ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. काटा दीडशेच्या पुढे सरकला की समोरची काजळलेली भिंत हळूहळू विरघळायची आणि तिच्या जागी रस्ता उघडायचा. दोन्ही बाजूंना पाणी, मधून सरळ गेलेला फिकट रस्ता, आणि वर ऊनही नाही, अंधारही नाही, असा मधलाच उजेड. गाडी बांधलेली, पण तो मात्र निघालेला असायचा. मग पाय सुटायचा, रोलर मंदावायचे आणि भिंत मुकाट्याने परत येऊन उभी राहायची.

अलीकडच्या काही वर्षांत तो रस्ता अधिकच शांत झाला होता. पूर्वी तिथे वारा असे, टायर कुजबुजत. आता गाडी जणू कापसावरून जायची. घरीही तसंच. गळका नळ, शेजाऱ्यांची वादावादी, बायकोची कुरबुर, सगळं कुठेतरी लांब सरकलं होतं. एके काळी नाकाच्या शेंड्यावर राग घेऊन फिरणारा हा माणूस आता कशानेच चिडत नसे. वयाबरोबर आपलं मन निवलं, असं समजून तो मनोमन सुखावला होता.

अशात एक दिवस रॅलीवाली आली. चिखलाच्या, दगडांच्या वाटांवरून शर्यती मारणारी, काटकुळी, कमी बोलणारी बाई. पुढची शर्यत चढणीची होती आणि तिला आणखी थोडी ताकद हवी होती. पहिला रन झाला, रेघ पडली. कानसेनने लॅपटॉप मांडीवर घेतला आणि इंजिनात ठिणगी जरा आधी पडेल अशी जुळणी केली. यात एक मेख असते. ठिणगी थोडी आधी पडली तर जोर वाढतो. फार आधी पडली तर इंधन भलत्या वेळी पेटतं आणि डब्यात वाटाणे हलवावेत तसा बारीक आवाज येतो. तो ऐकायला इंजिनावर एक छोटा माइक अडकवलेला असे आणि कानसेनच्या कानांवर हेडफोन.

त्याने हेडफोन लावले, पाय दाबला, भिंत विरघळली. वाटाणे नव्हते. काहीच नव्हतं, नुसती मऊ घरघर. त्याने ठिणगी आणखी थोडी आधी आणली.

शेवटचा रन संपला तेव्हा चिमी बराच वेळ काचेमागून उठली नाही. दुसरी रेघ पहिलीच्या खाली होती. धोका जाणवून गाडीच्या कॉम्प्युटरने स्वतःच इंजिनाला आवर घातला होता. रॅलीवालीने पडद्याकडे पाहिलं, मग कानसेनकडे.

"काका, आणली तेव्हा बरी होती की," ती म्हणाली.

चिमी गाडीपाशी आली. तिने भावाच्या कानांवरचे हेडफोन काढून स्वतः लावले आणि हलकासा रन द्यायला सांगितला. तो देताच तिने लगेच हात वर केला.

"दादा, वाटाणे वाजतायत."

"कुठे?"

"सगळीकडे. सगळा वेळ."

त्याने हेडफोन परत घेतले, तसाच रन दिला, डोळे मिटून ऐकलं. आतमध्ये रुईचा ढीग होता. त्याने डोळे उघडले तेव्हा चिमी त्याच्याकडे अशा नजरेने पाहत होती, जशी ती लहानपणी तो झाडावरून पडला तेव्हा पाहत होती. घोडं कुठे पेंड खात होतं ते दोघांनाही कळलं. चिमीने रॅलीवालीला सरळ सांगितलं की आज जमलं नाही, गाडी होती तशी करून देतो, पुढच्या महिन्यात पुन्हा आणा. बाईने नाक मुरडलं नाही. आणते, म्हणाली.

घरी त्याने बायकोला सांगितलं तर तिला नवल वाटलं नाही. तिला केव्हाच ठाऊक होतं. दारावरची घंटा, कुकरची शिट्टी, मागून मारलेली हाक, यांतलं त्याला काय ऐकू येत नाही याचा पाढाच तिने वाचला. मग बोलली का नाहीस, असं त्याने विचारलं.

"इतके शांत झाला होतात," ती म्हणाली. "म्हटलं, राहू दे."

कान तपासणाऱ्या मुलीने त्याला एका छोट्याशा बंद खोलीत बसवलं, हातात बटण दिलं, शिट्टी ऐकू आली की दाबा म्हणाली. इतकी गाढ शांतता त्याला कधी मिळाली नव्हती. पाहता पाहता त्या खोलीचीही भिंत विरघळली आणि तो पाण्यामधल्या रस्त्याला लागला. कधी शिट्ट्या नसताना बटण दाबलं, कधी असून दाबलं नाही. मुलीला चाचणी पुन्हा घ्यावी लागली. शेवटी तिने कागद दाखवला; रेघ डावीकडे, जाड आवाजांपाशी ठीक होती, उजवीकडे घसरत गेली होती. बारीक, उंच आवाज त्याला जवळजवळ ऐकूच येत नव्हते.

"म्हणजे वरच्या गिअरला मार खाते," तो म्हणाला. मुलीला काही समजलं नाही, पण ती हसली.

श्रवणयंत्र लावून तो रस्त्यावर आला आणि चालताना कोण मागे लागलंय म्हणून दोनदा वळून पाहिलं. त्याचेच बूट कुरकुरत होते. घरी चमचे किंचाळत होते, वर्तमानपत्र फडफडत होतं. रात्रीच्या जेवणाला तो गळक्या नळावरून बायकोवर डाफरला.

"आलात परत," ती म्हणाली आणि त्याला आणखी भात वाढला.

पण इंजिन काही परत आलं नाही. यंत्रातून ते पत्र्यासारखं यायचं. वाटाणे कुठले, पंखा कुठला, काही उमगत नव्हतं. दोन दिवस तो शेडमध्ये नुसता बसून राहिला. मग एका सकाळी त्यानेच चिमीला बोलावलं आणि हेडफोन तिच्यापुढे धरले. एवढी वर्षं ती काचेमागे होती, आता कान तिचे असू देत, असं त्याचं म्हणणं. जुन्या गाड्यांवर त्याने तिला आवाज शिकवले: हा साखळीचा, हा पट्ट्याचा, हा वाटाण्यांच्या आधीचा, वाटाणे येणार असं सांगणारा. त्याला स्वतःला यातला एकही ऐकू येत नव्हता. आठवणीतून तो ते तोंडाने काढून दाखवायचा, आणि चिमी हसून बेजार व्हायची.

रॅलीवाली ठरल्याप्रमाणे आली. कानसेन गाडीत बसला, श्रवणयंत्र काढून खिशात ठेवलं. हेडफोन लावून चिमी बॉनेटपाशी उभी राहिली. भिंत विरघळली, रस्ता आला, आणि त्या रिकाम्या रस्त्याच्या कडेला या वेळी चिमी उभी होती. तिचा हात वर गेला की तो पाय सोडायचा, ठिणगी केसभर उशिरा पाडायचा, पुन्हा निघायचा. शेवटच्या रनला हात खालीच राहिला. आधीच्यापेक्षा अकरा घोड्यांची ताकद जास्त निघाली. बाईने दोन्ही रेघा नीट न्याहाळल्या आणि गाडी घेऊन गेली. शर्यतीत ती तिसरी आली, असं नंतर कळलं.

पुढे जागा आपोआप बदलल्या. कानसेन काचेमागे पडद्यापाशी बसू लागला आणि हेडफोन लावून चिमी गाडीत. पहिल्यांदा तिने पूर्ण रन दिला त्या दुपारी रेघ सुरेख चढली. रोलर मंदावले, थांबले, पंखाही निवला. चिमी मात्र उतरली नाही. दोन्ही हात स्टीअरिंगवर, नजर समोरच्या भिंतीवर, ओठ किंचित उघडे. बाहेर पुढच्या गिऱ्हाइकाची गाडी हॉर्न वाजवत होती आणि कानातल्या यंत्रामुळे तो कानसेनला चांगला ऐकू येत होता. त्याने हाक मारली नाही. ती जिथे गेली होती तिथून यायला तिला वेळ लागणार होता, तेवढा तो थांबला.