हरणाऱ्याची बाजू आधी

‘आमच्या वेळचं इंग्रजी काय पक्कं होतं हो!’ असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. पक्कं होतं, कबूल. पण कुणाचं? ज्यांच्या घरात ते आधीपासून नांदत होतं त्यांचं. आमच्यासारख्यांच्या ते मानगुटीवर बसलं होतं, आणि उतरवायला गावात मांत्रिकही नव्हता. घरचे म्हणतात, एवढी वर्षं झाली, आता तरी सोडा. नाही सोडत. तेव्हा बोलता आलं नाही म्हणून आता बोलतो.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं, औंध संस्थानाच्या हद्दीला लागून. साताऱ्यात मॅट्रिक झालो आणि सांगलीच्या कॉलेजात गेलो, कारण तिथल्या वसतिगृहात एका पाहुण्याच्या ओळखीनं जागा मिळाली. दुसऱ्या महायुद्धाचे, लढाईचे दिवस होते. मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या आणि चढ आला की उतारूंनीच उतरून त्या ढकलायच्या. कागद मिळायचा नाही, मिळाला तर शाई पलीकडे फुटायची. माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणायचो, पलटणीत मोटार ड्रायव्हर होता. गावात भरतीवाले वरचेवर येत. मला कॉलेजात धाडताना आई म्हणाली होती, “एक गेलाय त्यो बास झाला. तू पास हो, म्हंजे कुनी तुज्याकडं बगायचं न्हाई.” आणि आबांनी, म्हणजे वडिलांनी, तेवढंच रोखठोक सांगितलं होतं, “एकडाव धाडतोय. माघारी आलास तर बैलामागं न्हाईतर दादामागं. तिसरी वाट न्हाई.”

कॉलेजात इतिहास इंग्रजीत, तर्कशास्त्र इंग्रजीत, शिवाजी महाराजसुद्धा इंग्रजीत. गावच्या किल्ल्यावर मी गुरं चारली होती, पण त्याच किल्ल्यावरचा प्रश्न आला तर मला शब्दकोश उघडावा लागे. प्रोफेसर वर्गात इंग्रजीतून विनोद करत. पुढच्या बाकांवरची सांगलीची, मिरजेची मुलं हसत. ती हसली की आम्ही मागचे हसायचो. बोर्डिंगातल्या बहुतेकांनी यावर एक तोडगा काढला होता. बाजारात निबंधांची गाइडं मिळत, त्यातले निबंध पाठ करायचे आणि परीक्षेत विषय कुठलाही आला तरी त्यातला जवळचा निबंध ओकून यायचं. पहाटे वसतिगृहाच्या व्हरांड्यात ही घोकंपट्टी चाले. मीही करून पाहिली. पण मला लाज वाटायची. लढाईवर दुसऱ्या कुणीतरी, कधीही लढाई न पाहता लिहिलेलं मी का पाठ करायचं? माझ्याकडे माझं डोकं होतं आणि मला त्याची घमेंडही होती. म्हणून इंटरच्या, म्हणजे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या, वर्गात मी ठरवलं, चुका झाल्या तरी चालतील, लिहीन ते स्वतःचं.

टर्मच्या परीक्षेला निबंध आला: युद्धानं माणसाचं भलं होतं का? मला वाटलं, देव पावला. या विषयावर आमच्या घरात जेवढं बोलणं झालं होतं तेवढं कुठल्याही गाइडात नसेल. दादा आदल्या उन्हाळ्यात रजेवर आला होता. आबा त्याला नोकरी सोडून ये म्हणत होते, आणि तो म्हणाला होता, “आबा, हितं मी जलमभर नांगुर धरला आस्ता. तितं मोटार शिकलो. पायात बूट हाय. सई करतोय, अंगठा न्हाई. समिंदर बगिटला. गावात मी तुमचा पोरगा म्हनून हाय, तितं मला माज्या नावानं हाक मारत्यात.” दादा खोटं बोलत नव्हता.

मी ते सगळं लिहिलं. शब्द साधे, वाक्यं तोकडी, पण लिहिलं. बूट, सही, समुद्र, नावानं मारलेली हाक. पानं भरली. आणि शेवटी, अगदी शेवटच्या परिच्छेदात, माझं मत मांडलं: ज्या मुलखात पायात बूट यायला आणि स्वतःची सही करायला माणसाला मरायला जावं लागतं, तिथं युद्धानं त्याचं भलं केलं असं म्हणता येत नाही, या गोष्टी त्याला घरीच मिळायला हव्या होत्या, म्हणून युद्ध वाईटच. पेपर देऊन बाहेर आलो तेव्हा मी हवेत होतो. बोर्डिंगात त्या रात्री दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

निकाल लागला आणि मी इंग्रजीत नापास. सूचनाफलकावर खाली ओळ होती, इंग्रजीत नापास झालेल्यांचे विद्यापीठाच्या परीक्षेचे फॉर्म पाठवले जाणार नाहीत. म्हणजे वर्ष गेलं, म्हणजे बैलामागं न्हाईतर दादामागं.

मी प्रोफेसरांच्या खोलीवर गेलो. माणूस वाईट नव्हता, हे सांगायला हवं. काळा कोट, टोपी, आवाज मऊ. वर्गाबाहेर ते आमच्याशी मराठीत बोलत आणि आम्हाला अहोजाहो करत. त्यांनी गठ्ठ्यातून माझा पेपर काढला. पहिल्या पानावर तांबड्या पेन्सिलीनं शेरा होता: मुद्दा स्पष्ट नाही. दुसऱ्या पानावर: विषयांतर. तिसऱ्यावर एक लांब आडवी रेघ. त्यापुढची पानं कोरी होती, म्हणजे त्यांच्या बाजूनं कोरी. तिथं पेन्सिल पोचलीच नव्हती.

“तुम्ही युद्धाची तरफदारी करताय,” ते म्हणाले. “तेही ठीक आहे, पण धड तरफदारीही नाही. भावाची गोष्ट सांगत बसलात.”

“सर, माझं मत शेवटी आहे.”

त्यांनी पान उलटलं, शेवटचा परिच्छेद वाचला. भुवया वर गेल्या. “अहो, मग हे आधी सांगायचं! हे तर पहिल्या परिच्छेदात पाहिजे. शेवटापर्यंत वाट कोण बघतो?”

आता मला इथं आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर मी मूर्ख होतो एवढंच तुम्हाला कळेल. आबा गावचे पंच होते. बांधाचं, पाण्याच्या पाळीचं, भाऊबंदकीचं भांडण आलं की देवळासमोरच्या पारावर पंच बसत. तिथं एक कडक नियम होता. पंचानं निकाल द्यायच्या आधी, जो हरणार त्याची बाजू पंचानं स्वतःच्या तोंडानं मांडायची. आणि नुसती मांडून भागायचं नाही. तो हरणारा माणूस “व्हय, ह्येच माजं म्हननं हाय” असं कबूल करीपर्यंत मांडायची. एखादा अडून बसला, “न्हाई, माजं आनी ऱ्हायलंय” म्हणाला, की पंचांना पुन्हा सुरुवातीपासून मांडावं लागे. मग निकाल, तोही थोडक्यात. आल्या आल्या निकाल सांगणारा पंच आमच्याकडे विकला गेलेला समजत. मी लहानपणापासून पाराच्या कडेला बसून हे ऐकलं होतं. शहाण्या माणसानं बोलायचं कसं, हे मला तेवढंच ठाऊक होतं. निबंध लिहायला बसलो तेव्हा मला दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं. दादा हरणार होता, म्हणून दादाची बाजू आधी, पूर्ण, त्याला पटेल अशी.

हे मी प्रोफेसरांना सांगितलं. जमेल तसं, अडखळत. ते हसले. टिंगलीनं नाही, कौतुकानं हसले, आणि तेच मला जास्त झोंबलं. “छान आहे हो,” म्हणाले, “पण हा पार नाही. मला गठ्ठेच्या गठ्ठे तपासायचे असतात. पहिला परिच्छेद वाचून माणूस काय म्हणतो ते कळलं पाहिजे. उरलेलं त्याला आधार.”

“मग सर, हे वर्गात कधीच का सांगितलं नाही?”

ते क्षणभर गोंधळले. खरोखरच गोंधळले. “हे काय सांगायचं असतं?” ते म्हणाले. “ते येतं.”

ते येतं! सांगलीत काढलेल्या सगळ्या वर्षांत मला कुणी एवढी मोठी शिवी दिली नाही, आणि देणाऱ्याला तर ती दिल्याचं कळलंही नाही. दीड वर्ष मी त्या वर्गात बसलो होतो. त्यांनी आम्हाला पानंच्या पानं उतरवून दिली होती, मेलेल्या लॉर्डांच्या चालीरीती समजावल्या होत्या, पण ज्यावर आमचं पास-नापास ठरतं ती एक गोष्ट सांगितली नव्हती, कारण ती येते. कुणाला येते? माझ्या वर्गात एका वकिलाचा मुलगा होता. त्याला मी नंतर विचारलं, तुला कसं कळलं रे, मत आधी मांडायचं? तो म्हणाला, “कळायचं काय त्यात? वडील रोज चहाबरोबर इंग्रजी पेपरचा अग्रलेख मोठ्यानं वाचतात. तसंच असतं ना ते.” मुलगा सरळ होता, शिष्ट नव्हता. पण त्याला ते चहाबरोबर मिळालं होतं, आणि माझ्या आबांना मराठी पेपरसुद्धा दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. मग परीक्षा माझी होती की आबांची? पाण्यात न उतरवता पोहायला का येत नाही म्हणून विचारायचं, आणि वर म्हणायचं, ते येतं.

प्रोफेसरांनी मला एक संधी दिली. तोच विषय पुन्हा लिहून आणा, जमला तर फॉर्म जाईल. आणि जाता जाता त्यांनी मदत म्हणून माझ्या जुन्या पेपरवर तांबड्या पेन्सिलीनं चौकटी केल्या. शेवटचा परिच्छेद बाणानं वर नेला. दादाच्या पानांवर फुल्या मारल्या. “हे सगळं काढा. हवं तर एक ओळ ठेवा, काही लोक असंही म्हणतात म्हणून. आणि आधाराला पुस्तकातलं काहीतरी घाला.”

“सर, पण ही खरी माणसाची बाजू आहे.”

“असेल. पण तिला वजन नाही.”

बुटांना वजन नाही. सहीला नाही. कुणा परक्या पंडितानं ग्रंथात लिहिलेल्या ओळीला आहे. मी काय करणार होतो? मला फॉर्म हवा होता. मी लायब्ररीत बसलो, दोन जाड पुस्तकांतून चार वाक्यं उचलली, पहिल्या ओळीत निकाल ठोकला आणि खाली ती वाक्यं रचली. दादा एका ओळीत आला, ‘काही लोक’ होऊन. सबंध निबंध दीड पानाचा झाला. प्रोफेसरांनी तो माझ्यासमोरच वाचला आणि म्हणाले, “बघा, आलं की नाही?” फॉर्म गेला. पुढे मी इंटर पास झालो, बी.ए.ही झालो. त्याच रीतीनं लिहीत गेलो आणि त्याच रीतीनं मार्क पडत गेले.

इंटरची परीक्षा झाली त्या उन्हाळ्यात दादा रजेवर आला. आईनं त्याला आधीच सांगून ठेवलं होतं की धाकट्यानं तुझ्यावर इंग्रजीत लिहिलंय. संध्याकाळी अंगणात तो बाजेवर बसला आणि म्हणाला, “वाच की रं. माजं काय लिवलंयस बगू.”

फुल्या मारलेला जुना पेपर कॉलेजातच राहिला होता, म्हणून मी पास झालेला निबंध आणला आणि एकेक वाक्य मराठीत करून सांगू लागलो. पहिलं वाक्य ऐकून दादा म्हणाला, “निकाल आदीच?” मी व्हय म्हणालो आणि पुढे वाचत राहिलो. तो नीट ऐकत होता, पुढे वाकून. त्याला वाटत होतं आता येईल. ती एक ओळ आली आणि गेली, त्याला कळलंही नाही. निबंध संपला.

“आन् माजं कुटं हाय?”

“लिवलं हुतं दादा. समदं लिवलं हुतं. काडाय लावलं.”

तो रागावेल असं मला वाटलं. रागावला असता तर बरं झालं असतं. पण त्याच्या तोंडावर हसू पसरलं.

“आरं, आमच्या सायबाचं आसंच हाय गड्या,” तो म्हणाला. “आदी हुकूम. मागनं कागदातलं कारन. आन् आमाला काय वाटतंय, त्ये कोन इचारतंय? लय साजरं लिवलंयस. आगदी सायबावानी!”

आणि त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. त्याला मनापासून आनंद झाला होता. आपला भाऊ साहेबासारखा लिहायला शिकला, म्हणून त्यानं आबांना हाक मारून बोलावलं आणि मला तो निबंध पहिल्यापासून पुन्हा वाचायला लावला.