इंजिनाला जवसाचं तेल

माझे लग्न जमत आले होते, ते आमच्या विहिरीवरच्या डिझेल इंजिनाच्या जोरावर. साठ-एकसष्टच्या सुमारास फुलसावंगीच्या आसपास बाकीच्यांच्या विहिरींवर मोटा चालायच्या. आमच्याकडे इंजिन होते. पुसदचे देवरावजी आपल्या मुलीसाठी स्थळ बघत होते. त्यांनी आमची चौकशी केली ती "किती हार्सपावरचं हाये?" अशी. (मुलगा काय शिकला, हे त्यांना विचारावेसे वाटले नाही. बरेच झाले! मॅट्रिकने मला दोनदा परत पाठवले होते.) मुलगी मी पाहून आलो होतो आणि सरळ सांगतो, तेव्हापासून मला जेवण जात नव्हते. देवरावजी येऊन इंजिन चालताना बघणार आणि मगच सुपारी फुटणार, असे ठरले.

इंजिनाच्या पोटातले तेल तोवर डांबरासारखे झालेले. नवे आणायला मला पुसदला धाडले. दुकानदाराने विचारले, "तीस नंबर देऊ का चाळीस?" लग्नाळू माणसाने कसे ठाम असावे! मी ठामपणे म्हणालो, "घरी विचारून येतो," आणि रिकामा डबा मांडीवर घेऊन एसटीने परत आलो.

घरी बाबा आणि नारायणकाका विचाराला बसले. दोघे भाऊ बांधावरून कधी भांडले नाहीत. सगळे भांडण त्यांनी या तेलासाठी राखून ठेवले असावे.

"चाळीस आण," बाबा म्हणाले. "तिसापेक्षा चाळीस जास्त, हे तरी शिकवलं का शाळेत?"

"दादा, इंजन नवं हाये. नव्याले पातळच पायजे," काका म्हणाले. "तान्ह्या लेकराले कोनी पुरनपोळी चारते का?"

"तुले काय समजते इंजनातलं?"

"तुमाले समजते, तं मंग तेल काळं काहून झालं?"

बाबांनी आवाज चढवला. काकांनी मग तिसरीच वाट काढली. "बैलबंडीच्या आसाले आपन एरंडीचं तेल देतो का नाही? मंग इंजनाले काय धाड भरली?"

आतून आई कडाडली, "एरंडीचं? आन पावन्यासमोर इंजनाचं पोट चालू झालं म्हंजे?"

या मुद्द्यावर सगळे गंभीर झाले. शेवटी बाबांनी निकाल दिला. "आपन सारे जवसाच्या तेलावर वाढलो. कोनाचं काय बिघडलं?" घरचे जवस, गावची घाणी. शिकलेला म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी जरा विचार केल्यासारखे करून म्हणालो, "तेल ते तेल." एवढ्या शास्त्रशुद्ध मतानंतर कोण थांबणार?

नवल म्हणजे इंजिन झकास चालले! फक्त शेतभर भजी तळल्याचा वास सुटायचा. वाटेने जाणारे थांबून "आज काय हाये बाप्पा तुमच्या घरी?" असे विचारायचे, आणि एक दूरचे नातेवाईक तर जेवायच्या तयारीनेच आले. दिवसागणिक हँडल मात्र जड होत चालले.

"अंगी लागून राह्यलं," काका खुशीत म्हणाले. "ताकद आली त्याले."

पाहुण्यांसमोर ताजेतवाने दिसावे म्हणून शेवटी शेवटी आम्ही त्याला विश्रांतीही दिली.

देवरावजी आले. विहिरीजवळ बाजेवर बसून त्यांनी चहा घेतला आणि म्हणाले, "करा मंग चालू."

मी हँडल धरले. हलेना! अंगातले सगळे बळ लावले, लोंबकळलो, तरी हलेना. काकांनी मला मागून धरले, बाबांनी काकांना. तिघांनी मिळून जोर लावला आणि टर्रर्र असा आवाज झाला!

"झालं वाटते चालू," देवरावजी म्हणाले.

झाले नव्हते. माझी नवी पँट मागून फाटली होती.

देवरावजी उठले. त्यांनी तेलाचे बूच काढून आत बोट घातले. बोटाबरोबर डिंकासारखी तार बाहेर आली. त्यांनी वास घेतला, पुन्हा घेतला. "हे तं जवसाचं हाये नं!"

"घरच्या जवसाचं," आई अभिमानाने म्हणाली. "भेसळ बिलकुल नाही."

बाबा विहिरीत पाहू लागले, काका आभाळात. मी दोन्ही हातांनी पँट धरून उभा होतो आणि मला खरोखर रडू येत होते. मुलगी हातची गेली, एवढेच डोक्यात होते. देवरावजींनी त्या दिवशी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिले. बराच वेळ पाहिले. मग सुस्कारा सोडून म्हणाले, "आना सुपारी."

त्यांनी माझ्यात काय पाहिले, हे विचारायची तेव्हा कोणाची छाती झाली नाही. लग्नानंतर मी बायकोला विचारले. संकटातला माझा धीर, चेहऱ्यावरचा प्रामाणिकपणा, अशी दोन-चार कारणे मीच सुचवूनही पाहिली.

"कायचा धीर?" ती म्हणाली. "आमचे बाबा इंजन पसंत कराले गेलते. थे तं बसलं. आता एवढ्या दूर जाऊन रिकाम्या हातानं कसं यावं, म्हून मंग तुमालेच पसंत केलं!"