बटण फोरवरच होतं

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, देवापाशी नाही, दोन घोट पोटात गेल्यावरही नाही. आणि दोन घोट गेल्यावर मी काय काय बरळतो ते आख्ख्या पारनेरला ठाऊक आहे. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. दुसरं काही कारण नाही, उगाच मोठेपणा कशाला घ्यायचा?

माझं गॅरेज आहे. फोर बाय फोर गाड्यांचं. आमच्याकडं डोंगरावर वस्त्या, त्यांच्या वाटा निव्वळ मुरमाच्या, म्हणून अशा पिकअप इकडं बऱ्याच. गाडीची नुसती मागची चाकं ओढत असतील तर ओल्या मुरमावर ती जागच्या जागी फिरत बसतात. पुढचीही ओढायला लागली की गाडी निघते. जुन्या जीपला त्यासाठी ड्रायव्हरला खाली उतरावं लागायचं. दोन्ही पुढच्या चाकांच्या मधोमध एक चकती असायची, ती हातानं फिरवून चाक दांड्याशी जोडायचं. हब लॉक करणं म्हणतात त्याला. मग वर चढून गिअरशेजारची फोरची दांडी ओढायची. चिखलात हात माखायचे, शिव्या घालायच्या, पण आपण काय केलं ते माणसाला माहीत असायचं. नव्या गाड्यांत ते सगळं गेलं. समोर एक गोल बटण, त्यावर टू आणि फोर; टूवर मागचीच दोन चाकं ओढतात, फोरवर चारही. फोरवर फिरवलं की खाली गिअरपेटीला बसवलेली छोटी मोटर फिरते, ताकद पुढं जाते, हब आपोआप लॉक होतात, हिरवा दिवा पेटतो. बस्स.

फक्त एक गोष्ट ड्रायव्हर लोकांना ठाऊक नसते. तो दिवा गिअरपेटीकडून पेटतो. हब लॉक झालेत की नाही हे तो विचारायला जात नाही. हब मोकळे असले तरी पठ्ठ्या पेटतोच.

हे मला ठाऊक होतं. चांगलं ठाऊक होतं हो.

भानूदादा वरच्या वस्त्यांवरचं दूध खाली डेअरीत आणायचे. स्वतःची पिकअप, आणि शेजारी बसायला इंदूवहिनी — त्यांची बायको. कॅन चढवायला, उतरवायला, आणि चढावर गाडी अडली की खाली उडी मारून चाकाला दगड लावायला. आमच्याकडं ही रीतच आहे, शेजारी बसेल त्यानं दगड लावायचा. दोघांचं गुळपीठ असं, की लोक चेष्टा करायचे. ‘राजाराणी निघाली’ म्हणायचे. दादा गाडी हाकण्यात एक नंबर. त्यांच्या शेजारी बसून मी गाडी शिकलो.

तर त्यांच्या गाडीचे आपोआप लागणारे हब बिघडले. मी म्हणालो, करून देतो. अन् करता येईना! खोललं, परत बसवलं, परत खोललं. कबूल करायची लाज वाटली — तालुक्यात इलेक्ट्रॉनिक गाड्यांचा एकटा मिस्त्री म्हणून मीच तर मिरवत होतो. नवे हब मागवले ते लवकर येईनात. मग काय केलं? भंगारातल्या जीपचे हातानं फिरवायचे हब काढले, लेथवर घासून जुळवले आणि बसवले. आणि दादांच्या नजरेस पडू नयेत म्हणून वरून चाकांना झाकणं ठोकली. म्हणालो, झालं दादा, पहिल्यासारखं.

नुसते लॉक करून झाकण लावलं असतं तरी निभावलं असतं. पण लॉक केले की डांबरावर पुढून घुर्र असा आवाज यायचा. दादांचा कान तिखट. आवाज ऐकून परत आले असते, झाकण काढलं असतं, माझं पितळ उघडं पडलं असतं. म्हणून मी हब मोकळे ठेवले. मुद्दाम. विसरून नाही — मुद्दाम. पाऊस सरलाय, आता कुठं फोर लागतंय, तोवर नवे येतील. असा हिशेब.

परतीचा पाऊस बडवून गेला. सकाळी भरल्या कॅननिशी दादा खाली येताना मधे लागणाऱ्या खिंडीच्या चढावर अडकले. बटण फिरवलं, दिवा पेटला, आणि गाडी मागं घसरायला लागली. वहिनी दगड घेऊन खाली उतरल्या. गाडीला दिवा दिसत होता तसा जोर असता, तर दगड लावायची वेळच आली नसती. चाक त्यांच्या पायावरून गेलं.

मला फोन आला तेव्हा दादा वहिनींना घेऊन दुसऱ्या गाडीनं नगरला निघाले होते. मी खिंडीत पोचलो तर दोघंजण होते, ते दोर आणायला वस्तीवर गेले. मी एकटा उरलो. आत बसलो. चावी तशीच लागलेली. बटण फोरवरच होतं. हिरवा दिवा पेटलेला.

आता सांगतो. इथपर्यंत आलोय तर सांगूनच टाकतो.

मी बटण टूवर आणलं. दिवा विझला. खाली उतरलो, झाकणं काढली, दोन्ही हब हातानं लॉक केले, झाकणं परत ठोकली. तेवढ्यात दोरवाले आले. त्यांना बोलावून दाखवलं — बघा रे, बटण टूवरच राहिलंय. मग त्यांच्यासमोर फोरवर फिरवलं आणि एक्सिलेटर दिला. गाडी शेळीसारखी चढून गेली. लोक हळहळले. अरेरे, म्हणाले, भानूदादासारखा माणूस!

एवढं डोकं मला कुठून सुचलं? हब दुरुस्त करायला का नाही सुचलं ते?

दवाखान्यात दादा माझा हात धरून म्हणाले, “आशोक, म्या फिरवलं व्हतं रं.” मी म्हणालो, दादा, मी डोळ्यांनी बघितलंय. त्यांनी हात सोडला. माझ्या तोंडाकडं बघत राहिले, आणि हळूहळू त्यांना ते पटत गेलं. मला दिसत होतं पटताना. माणसाला स्वतःच्या हातापेक्षा माझ्या जिभेवर भरवसा! लाज वाटायला हवी होती. मला सुटल्यासारखं वाटलं.

वहिनींचा पाय गुडघ्याखाली काढला. आलेले नवे हब मी गुपचूप बसवून टाकले, पण दादांनी त्या गाडीला पुन्हा हात लावला नाही. ती विकली. आता ते पंपावर वॉचमन आहेत. वहिनी त्यांच्याशी लागेल तेवढंच बोलतात. कुणी विषय काढला तर नवऱ्यादेखत म्हणतात, “बटन फिरवाया इसरले आन माझा पाय गेला.” दादा खाली मान घालून ऐकतात. दर भाऊबीजेला वहिनी मला ओवाळतात. खरं बोलणारा भाऊ म्हणून. मी पाटावर बसतो, टिळा लावून घेतो, करंज्याही खातो. चवीनं खातो.

गेल्या आठवड्यात दादा गॅरेजवर आले. तशीच एक पिकअप कामाला उभी होती. म्हणाले, जरा बसू का आत? बसले. डोळे मिटले. स्टेअरिंगवर हात, मग गिअरवर, आणि न बघता हात बरोबर बटणावर गेला. डोळे मिटूनच त्यांनी ते फोरवर फिरवलं. मग माझ्याकडं बघून म्हणाले, “बघ, आपसूक जातोय हात. मंग त्या दिशीच का न्हाई गेला रं?”

गॅरेजात दुसरं कुणी नव्हतं. एवढं मोकळं विचारलं त्यांनी. एक वाक्य बोलायचं होतं मला.

“वय, दादा,” मी म्हणालो. “वयानं होतं असं.”

पाय गेला तेव्हा दादांची पन्नाशीही झालेली नव्हती. त्यांनी मान हलवली, “आसंल बाबा” म्हणाले, सावकाश खाली उतरले आणि ड्यूटीवर गेले.