दुसरं दार

बालाघाटच्या आमच्या ऑफिसातून फाइल नागपूरला जाईनाशी झाली की साहेब ओरडायचे, "कॉम्प्युटरवाले को बुलाओ!" तो सायकलवर यायचा, चौकीदाराचं रजिस्टर भरायचा, चपला काढून मशीनसमोर बसायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. पंख्याखाली दुपार हळूहळू डुलत असायची. वाटायचं, हा तारेतून चालत कुठंतरी लांब गेलाय.

एकदा टेंडरची फाइल चारच्या आत पोचायला हवी होती. लॉगिन व्हायचं, पण पुढं सगळं थिजायचं. साहेब वैतागले, "फायरवॉल ही बंद कर दो!"

त्यानं कीबोर्डवरून हात उचलले. "पहारा काहून हटवता, साहेब? बोलणं एका दारातून होते, फाइल दुसऱ्या दारातून जाते. त्या दुसऱ्या दारावर तिकडचं मशीन येऊन ठोठावते, अन् आपला पहारेकरी त्याले ओळखत नाही. आता आपणच तिकडं जाऊन दार वाजवू."

त्यानं एक सेटिंग बदलली. पडद्यावरची पट्टी सरकू लागली. "जाय वं बाई, जाय," तो फाइलला हलकेच म्हणाला.

पावणेचारला ती पोचली. साहेब खूश झाले. "अगली बार सीधे अंदर आ जाना."

"नाही जी," तो हसला, "पहाऱ्यानं विचारलंच पाहिजे."

पुढं तो यायचा बंद झाला. त्याचं नाव शोधायला मी रजिस्टर चाळलं. नावाच्या रकान्यात दर वेळी, सुबक अक्षरात, एकच शब्द होता: कॉम्प्युटरवाला.

पहाऱ्यानं कधी विचारलंच नव्हतं. आम्हीही नाही.