थकवा झाकणारी पावडर

ऱ्हॅब्डोमायोलिसिस. हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा हडपसरच्या एका हॉस्पिटलात स्ट्रेचरवर पडले होते. मांड्या इतक्या सुजल्या होत्या की वरची चादरसुद्धा जड वाटत होती. आई उशाशी उभी होती, आप्पा, माझे वडील, पायाशी.

किडनीच्या डॉक्टर मॅडमनी रिपोर्ट पाहिले आणि शांतपणे सांगितलं, “तुझ्या स्नायूंच्या पेशी फुटल्यात. त्यांच्या आतलं सगळं रक्तात उतरलंय. ते गाळता गाळता किडन्या बंद पडल्यात.”

आईला एवढंच कळलं की किडन्या बंद पडल्यात. तिनं विचारलं, “पळाल्यानं किडनी बंद पडती व्हय, मॅडम? पळायचं तर ती साळंपासनं पळतीया.”

“नुसतं पळाल्यानं नाही,” मॅडम म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “व्यायामाआधी काही घेत होतीस का? पावडर, गोळी, इंजेक्शन?”

मी आप्पांकडे बघितलं आणि सांगून टाकलं. प्री-वर्कआउट घेत होते.

आप्पांना तो शब्द माहीत नव्हता. पोलीस भरतीच्या मैदानावर जाणाऱ्या तुम्हाला तो माहीत असेल. व्यायामाच्या थोडं आधी पाण्यात कालवून प्यायची पावडर. म्हणून हे तुमच्यासाठी लिहितेय. मी शिकवण्याच्या जागेवर नाही. माझ्यासोबत काय झालं ते सांगते, मग तुम्ही ठरवा.

मी खुटबावची. घर शेतीचं. बारावीनंतर भरतीचं वेड डोक्यात घेतलं. एकदा लेखी परीक्षेत नापास झाले, एकदा आठशे मीटरमध्ये थोडक्यासाठी गेले. वयाची मर्यादा जवळ येत चालली होती. घरी लग्नाचं बोलणं सुरू झालं, तेव्हा मी सणसवाडीला एका कंपनीत पॅकिंगला लागले आणि रेखासोबत खोली घेऊन राहू लागले. रेखा बीडकडची, माझ्यापेक्षा लहान, तीही भरतीवाली. पहाटे मैदान, दुपारी सेकंड शिफ्ट, मधल्या वेळात अभ्यास. झोप मिळेल तेवढी.

शिफ्टमध्ये उभं राहून राहून पाय भरून यायचे आणि सकाळी मैदानावर उतरलं की ते उचलायचेच नाहीत. मी दिवसेंदिवस हळू होत चालले होते. सराव वाढवला, तर आणखी हळू झाले. मैदानावरची काही पोरं पावडर घ्यायची आणि सुसाट पळायची. त्यांनीच डबा कुठं मिळतो ते सांगितलं. रेखानं आणि मी मिळून एक डबा आणला.

पहिल्या दिवशी चमचाभर घेतली. कानांना, ओठांना, हातांना मुंग्या आल्या. छाती धडधडायला लागली. मग पळाले, आणि खरं सांगते, मला वाटलं मी पुन्हा बारावीतली झाले. पाय जमिनीला लागत नव्हते. त्या दिवशी परत येताना रेखा आणि मी उगाचच हसत होतो.

थोड्याच दिवसांत एका चमच्यानं काही होईना. मी दोन घ्यायला लागले. भूक मेली, झोप आणखी कमी झाली. झोप नाही म्हणून थकवा, थकवा म्हणून पावडर. आणि पाणी मी तसंही कमीच प्यायचे. लघवीला जायला पॅकिंगची लाइन सोडायची तर बदली माणूस बोलवावा लागतो, सुपरवायझर कपाळाला आठ्या घालतो. ज्या बायका कंपनीत काम करतात त्यांना हे वेगळं सांगायला नको.

एप्रिलचं ऊन होतं. मैदानी चाचणीची तारीख आली होती. एका रविवारी सुट्टी म्हणून आम्ही सकाळी उशिरापर्यंत सराव केला. आधी पळणं, मग बैठका, मग बेडूकउड्या. मी रिकाम्या पोटी दोन चमचे घेतले होते. मांड्या पेटल्यासारख्या जळत होत्या, पण थांबावंसं वाटत नव्हतं. रेखा दमून सावलीला बसली. मी नाही बसले.

दुसऱ्या दिवशी जिना उतरताना भिंतीला धरावं लागलं. असं सगळ्यांनाच होतं म्हणून मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणली. घेतली आणि कामावर गेले. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. मांड्या दगडासारख्या टणक झाल्या. लघवी काळ्या चहासारखी झाली. मला वाटलं पाळी आली असेल. ती आलेली नव्हती. मग लघवी फारशी होईनाच आणि उलट्या सुरू झाल्या. रेखानं घाबरून आमच्या घरी फोन केला.

आप्पा गाडी घेऊन आले. घरी नेताना वाटेत यवतला डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी मांडी दाबली, लघवीचा रंग विचारला, रक्त तपासायला दिलं आणि रिपोर्ट हातात येताच खुर्चीतून उठले. घरी नेऊ नका, सरळ पुण्याला न्या, म्हणाले. मला अजून आठवतं, त्या वेळी मला एकच काळजी होती. चाचणीपर्यंत बरी होईन ना?

हॉस्पिटलात सीपीके नावाची तपासणी केली. स्नायूंना मार बसला की हा आकडा वाढतो. माझा इतका वाढला होता की लॅबवाल्यांनी रक्त पुन्हा मागवलं. क्रिॲटिनिन, म्हणजे किडनी जी घाण बाहेर टाकते तिचं रक्तातलं प्रमाण, तेही चढलेलं. सगळ्यात धोक्याचं होतं पोटॅशियम. ते फार वाढलं तर हृदय अचानक थांबू शकतं. मॅडमनी सलाइन देऊन वाट पाहिली. लघवी आली नाही. मग डायलिसिस करायचं ठरलं. डायलिसिस म्हणजे रक्त बाहेर काढून मशीनमधून गाळायचं आणि परत आत सोडायचं. त्यासाठी माझ्या मानेत नळी घातली.

आप्पांनी कागदावर सही केली. आईनं मॅडमना बाजूला घेतलं, पण मला सगळं ऐकू येत होतं.

“माझी काढा,” आई म्हणाली. “एक काय, दोन्ही काढा. मला काय करायच्यात?”

मॅडमनी तिला खुर्चीवर बसवलं. ती वेळ आलेली नाही, अशा आजारात बहुतेकांच्या किडन्या पुन्हा चालू होतात, पण कधी ते सांगता येत नाही आणि होतीलच अशी खात्रीही देता येत नाही, असं त्या म्हणाल्या. आईला पहिला भाग ऐकू गेला. मला शेवटचा.

त्यानंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. एक दिवसाआड मशीनच्या खोलीत नेत. तिथं शेजारच्या खाटेवर एक काका असायचे, वर्षानुवर्षं डायलिसिसवर. ते पेपर वाचत पडायचे, जसं कुणी सलूनमध्ये नंबर लागायची वाट बघत बसतं. त्यांनी एकदा विचारलं, “कितवं तुझं?” मी सांगितलं. “सुरुवात आहे,” ते म्हणाले. त्यांनी साधं बोलणं म्हणूनच म्हटलं असेल. मी मशीन संपेपर्यंत डोळे उघडले नाहीत. मला माझं पुढचं सगळं आयुष्य त्या खोलीत दिसत होतं. मला वाटलं, यापेक्षा पोटॅशियमनं मेले असते तर बरं. हे मी आईला आजवर सांगितलेलं नाही.

आणि तहान. किडनी बंद असल्यामुळे पाणी मोजून मिळायचं. दिवसभरासाठी एक लहान बाटली, तीही औषधांसकट. पाणी जास्त झालं तर ते फुप्फुसात साठतं. जीभ टाळूला चिकटायची. ज्या पोरीनं लाइन सोडायला नको म्हणून पाणी टाळलं, ती आता नर्सकडे एक घोट मागत होती आणि नर्स नाही म्हणत होती.

मैदानी चाचणीचा दिवस आला आणि गेला. दुपारी भेटीच्या वेळेत रेखा आली. ओढणी छातीवर घट्ट लपेटून घेतली होती. बसताना ती सरकली, आणि टी-शर्टवर टाचलेला नंबर दिसला. ती मैदानावरून सरळ माझ्याकडे आली होती. बूट धुळीनं लाल झाले होते.

मी विचारलं, “कसं झालं?”

“बसलं, ताई. येळंत बसलं,” ती खाली बघून म्हणाली. मग ओढणी सारखी करत म्हणाली, “आजबी घेतलं व्हतं मी. एक चमचा.”

तोच डबा. तेच मैदान. तेच ऊन. ती पळाली होती आणि मी नळ्या लावून पडले होते. मला भिंतीकडे तोंड फिरवायचं होतं. मला तिच्यावर ओरडायचं होतं, जा इथून. मी तसं केलं नाही, ते चांगुलपणामुळे नाही. तिचे ओठ फुटलेले दिसले. सकाळपासून ती उन्हात होती, आणि लाजेपोटी पाणीसुद्धा न पिता माझ्यासमोर बसली होती. मी एकदम घाबरले.

माझ्या टेबलावर माझी दिवसाची बाटली होती. निम्मी शिल्लक होती. मी ती तिच्या हातात दिली. “पी,” म्हटलं. “सगळं पी. आणि लघवीचा रंग बघत जा.”

तिला माहीत नव्हतं की ते माझं दिवसभराचं पाणी आहे. आईला माहीत होतं. रेखा गेल्यावर तिनं कापूस ओला करून माझ्या ओठांवर फिरवला, आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर रडली.

लघवी परत आली ती अशीच एका सकाळी, खाटेला लावलेल्या लघवीच्या पिशवीत तळाशी साचलेली. मग रोज थोडी जास्त. नर्सनं आकडा सांगितला की आई बाहेर जाऊन आप्पांना सांगायची आणि आप्पा गावाकडे फोन लावायचे. माझ्या लघवीची बातमी सगळ्या भावकीत गेली. लाज वाटण्याच्या पलीकडे मी कधीच गेले होते. एके दिवशी मॅडम म्हणाल्या, उद्या मशीन नको. दोन दिवसांनीही नको म्हणाल्या. मग मानेतली नळी निघाली.

घरी सोडताना मी त्यांना विचारलं, हे त्या पावडरीनंच झालं का? मला हो ऐकायचं होतं. एकच गुन्हेगार असला की बरं असतं.

मॅडम म्हणाल्या, “एकट्या पावडरीनं, असं मी सांगू शकत नाही. ऊन होतं, पाणी कमी होतं, झोप नव्हती, अंगाला झेपेल त्यापेक्षा व्यायाम जास्त होता. वर दुखण्याच्या गोळ्या, त्या किडनीला आणखी घातक. पावडरीनं काय केलं? तुझं शरीर थांब म्हणत होतं, ते तुला ऐकू येऊ दिलं नाही.”

मग त्यांनी समजावलं. त्या डब्यातली ताकद मुख्यतः कॅफिनची असते. चहा-कॉफीत असतं तेच, फक्त कितीतरी पट. त्यानं थोडा वेळ तरतरी येते हे खोटं नाही. निरोगी माणसानं बेतात घेतलं तर सहसा काही बिघडत नाही. पण काही डब्यांमध्ये नक्की किती आणि काय काय आहे हे घेणाऱ्याला कळत नाही, आणि कुणाच्या अंगाला किती सोसेल हे आधी कुणालाच सांगता येत नाही. “व्यायामाला ताकद हवी असेल तर जेव, पाणी पी आणि झोप,” त्या म्हणाल्या. “तुला पावडर लागत होती, याचा अर्थ तुला सुट्टी लागत होती.”

तुम्ही मला विचाराल, घ्यावी का? रेखा आज पोलीस ट्रेनिंगला आहे. तिला काही झालं नाही, आणि लोक मला हे ऐकवतात. मीही स्वतःला पुष्कळ दिवस ऐकवलं. मला एवढंच माहीत आहे की ज्या सकाळी पावडरीशिवाय पाय उचलत नाहीत, त्या सकाळी पळू नये. आणि व्यायामानंतर मांड्या टणक झाल्या, लघवी काळपट झाली, तर पाळी, ऊन, कावीळ असे अंदाज बांधत बसू नका. गोळी घेऊ नका. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. मी आधी गेले असते तर कदाचित सलाइनवर निभावलं असतं.

त्या मॅडमचे, नर्सचे, खुर्चीतून उठलेल्या यवतच्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. आईचे उपकार मानायचे तर ती रागावते.

आता मी खुटबावलाच आहे. क्रिॲटिनिन जवळपास जाग्यावर आलंय, अजून पूर्ण नाही. पुढच्या भरतीत वय बसेल, वैद्यकीय तपासणीत बसेन का ते माहीत नाही. एखाद्या दिवशी हे आठवलं की जेवण जात नाही.

गेल्या महिन्यात मॅडमनी हळू पळायला परवानगी दिली. मी सकाळी आईला सोबत घेऊन कालव्याच्या रस्त्याला गेले. आई कडेला उभी राहिली. दुतर्फा ऊस, कालव्याला पाणी सुटलेलं. मी पळायला लागले. पाय जड होते, पण माझेच होते. थोडंसंच अंतर गेले असेन, मला दम लागला.

मी थांबले. आई येईपर्यंत तिथंच बसून राहिले.